डब्याला कान लावून

दिवाळी अंकाचा माणूस दुकानात आला तो माझ्याकडं आला नव्हता. दारातून डोकावून त्यानं विचारलं, "वहिनी हाईत का?" वहिनी म्हणजे माझी सून अर्चना. ती आत चहा करत होती. तिनं आतूनच सांगितलं, "दुकानाबद्दल लिहून पाहिजे असंल तर आत्याला इचारा. मी तर काल आलेली." ती मला आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. माणूस माझ्याकडं वळला, पण वळताना त्याचा चेहरा उतरला तो मी बघितला. तरी लिहिते आहे. ताट दुसऱ्यासाठी वाढलेलं असलं म्हणून आपली भूक कमी होत नाही.

माझं शिक्षण चौथी. जिंतूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी माझ्या नवऱ्याचं रेडिओ-टीव्हीचं होतं. त्यांचे हात कापायला लागले तेव्हा सोल्डरगन माझ्या हातात आली. ते बघायचे आणि सांगायचे, मी करायची. मग कॉम्प्युटर आले. पडद्यावरचं इंग्रजी ते वाचायचे. ते गेल्यावर वाचणारं माणूस गेलं, हात मात्र राहिले. त्या हातांवर मी दुकान चालवलं आणि पोराचं लग्न केलं.

काम काय असतं ते सांगते. कॉम्प्युटर चालू केला की तो आधी स्वतःला चाचपून बघतो. झोपेतून उठलेला माणूस चष्मा कुठं, चप्पल कुठं बघतो तसं. सगळं जागेवर असलं की एकदा 'टिट' म्हणतो आणि कामाचं पान उघडतो. एखादी वस्तू जागेवर नसली की तिथंच अडतो आणि भलतंच पान दाखवतो. कधी काळं, त्यावर पांढरी अक्षरं. कधी निळं. कधी काहीच नाही, नुसता ओरडत बसतो. ही भलती पानं ओळखायची आणि त्याला पुन्हा वाटेला लावायचं, हे माझं काम. इंग्रजी अक्षरं मला सुटी येतात, जोडून वाचता येत नाहीत. पण पान मी तोंडावळ्यावरून ओळखते. शेजारीण ओळखायला कुणी तिचं आधारकार्ड वाचत नाही.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. येलदरीच्या बाजूचे मेंढ्या राखणारे एक आजोबा होते. नातवाच्या कॉम्प्युटरवर एक छोटी चौकट इकडून तिकडं फिरत होती, बाकी सगळं काळं. आजोबांनी पडदा गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसनं आले.

"आजोबा, डबा कुठाय?" मी विचारलं. डबा म्हणजे सीपीयू, ज्याच्या पोटात सगळा कारभार असतो.

"डबा घरीच हाय की. त्येला काय झालं न्हाई. बिघाड ह्येच्यावर दिसायलाय."

"आजोबा, ही चौकट म्हणायलीय की डब्याकडून मला काहीच येत न्हाई. पोट दुखायलंय आन तुमी तोंड घेऊन आलाव."

"मंग? डाक्टर बी आधी जीभच दाखव म्हनतो की!"

 दुसऱ्या खेपेला आजोबा डबा घेऊन आले. आत एक वायर सुटली होती.

लग्नाचे फोटो काढणारा एक पोरगा तर रडकुंडीला आला होता. त्याच्या पडद्यावर नवरी गुलाबी, नवरदेव गुलाबी, भटजीसुद्धा गुलाबी. डब्यातून पडद्याला जाणाऱ्या वायरीच्या टोकाला बारीक सुया असतात, त्यातली एक वाकली होती. एका सुईतून एक रंग जातो. ती सुई बंद झाली की तो रंग बंद, उरलेले दोन मिळून गुलाबी. मी चिमट्यानं सुई सरळ केली. भटजी परत सावळे झाले.

असं माझं चाललं होतं. मग अर्चना आली.

ती सोनपेठची. तिकडं तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. लग्नानंतर काही दिवस ती नुसती बघत बसली. मग एक दिवस तिनं एक साधी गोष्ट केली. मी पडदा नेहमी माझ्याकडं तोंड करून ठेवायची. गिऱ्हाईकाला पडद्याची पाठ दिसायची आणि माझं कपाळ दिसायचं. तिनं पडदा फिरवला, गिऱ्हाईकाच्या बाजूला केला, आणि त्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवून मराठीत सांगायला लागली. "काका, हे म्हणायलंय की मला आजची तारीख आठवत न्हाई. आतला सेल संपला ह्येचा. सेल बदलला की आठवंल."

काका खूश. काकांना कशातलं काही कळत नव्हतं, पण आपल्याला सांगितलं गेलं ह्याचं समाधान झालं. तोच सेल मी गेली कित्येक वर्षं एका हातानं बदलत आले. माझ्याकडं कुणी असं हसून बघितलं नाही.

तिच्या शिकण्याचा मला हेवा नव्हता. शिकलेली माणसं मी पुष्कळ बघितली, त्यांचेही डबे माझ्याकडंच यायचे. हेवा वेगळ्याच गोष्टीचा होता. माझ्यापाशी गिऱ्हाईक उभं राहायचं. तिच्यापाशी बसायचं. पाणी मागायचं. काम होऊन गेल्यावरसुद्धा बसायचं. एक मास्तर तर पेनड्राइव्ह काढायचं विसरून मुद्दाम यायचे की काय अशी मला शंका आहे. पेनड्राइव्ह लावलेला राहिला की डबा कामाचं पान त्याच्यातच शोधत बसतो आणि काळं तोंड करतो. एकदा सांगितलं की माणसाच्या ध्यानात राहतं. मास्तरांच्या राहत नव्हतं. अर्चना दर खेपेला तितक्याच गोडीनं सांगायची. मी असते तर पेनड्राइव्ह ठेवून घेतला असता.

पुढंपुढं असं व्हायला लागलं की मी खुर्चीत ढळढळीत बसलेली दिसत असायची, तरी माणूस विचारायचं, "वहिनी हाईत का?"

मी म्हणायची, "न्हाईत."

आणि ती मेली आतून ओ द्यायची.

खुर्चीचं सांगायचं राहिलं. दुकानात दाराकडं तोंड असलेली एकच खुर्ची आहे. समोर टेबल, टेबलावर आमचा पडदा, हत्यारं. आधी त्या खुर्चीत माझे मालक बसायचे, त्यांच्यानंतर मी. जो त्या खुर्चीत तो मिस्त्री, बाकीचे मदतीचे. अर्चना बाजूच्या स्टुलावर बसायची. माझा मुलगा शाळेची व्हॅन चालवतो. गेल्या वर्षी दसऱ्याआधी एकदा जेवताना तो म्हणाला, "आई, आता खुर्चीत अर्चनाला बसू दे. तू घरी आराम कर. नातीला बघ."

"नातीला बघायला तिची आई हाय."

"आई दुकानात हाय ना तिची."

"मग तिला घरी बसीव."

त्यानं आणखी एक भाकरी घेतली. मग म्हणाला, "दसऱ्याची गर्दी होऊ दे. मग बघू." म्हणजे त्याच्या मनात ठरलं होतं. अर्चना खाली मान घालून जेवत होती. मला तिचा त्या वेळी इतका राग आला की कालवण तिखट आहे की अळणी तेही कळलं नाही.

दसऱ्याची गर्दी म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची आपण दसऱ्याला पूजा करतो. पूर्वी नांगर, तराजू, शिलाईची मशीन पुजायचे. आता कॉम्प्युटरही पुजतात. फुलानं पाणी शिंपडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, आणि मूठभर अक्षता टाकतात. अक्षता म्हणजे कुंकवात भिजवलेले तांदूळ. ते कीबोर्डच्या फटींतून खाली जातात आणि एखादा दाणा बटणाखाली जाऊन बसतो. मग बटण दाबलेलंच राहतं. डबा उठताना बघतो तर कुणीतरी बटण दाबून धरलेलं. कोपऱ्यातलं एक बटण असं आहे की ते दाबलेलं असलं तर डबा आपली आतली मांडणी बदलायचं निळं पान उघडतो. पाहुण्याला बैठकीत बसवायचं सोडून थेट माजघरात न्यावं तसं. माणसं घाबरतात आणि वीज बंद करतात. परत चालू करतात, परत निळं पान. लोक दसऱ्याला सोनं लुटतात, ते दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात येतं.

गावाबाहेर कापसातली सरकी काढायची जिनिंग आहे, तिच्या शेठचा त्या दुसऱ्या दिवशी फोन आला. अर्चनाच्या मोबाइलवर आला. जिनिंगमध्ये त्या दिवशी कापूस घ्यायचा मुहूर्त होता. कापसाचा ट्रॅक्टर लोखंडी काट्यावर उभा राहतो, वजन कॉम्प्युटरमध्ये जातं, पावती निघते. पावतीशिवाय कापूस खाली होत नाही. काट्याचा कॉम्प्युटर अडला होता आणि गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मुलानं व्हॅन काढली, अर्चनाला बसवलं. मला कुणी चल म्हणालं नाही. मी चढून बसले.

काट्याच्या खोलीच्या दारातच मला आवाज आला. टिट टिट टिट टिट, न थांबता.

"बटण अडकलंय," मी म्हणाले. पडदा बघायचीही गरज नव्हती. आत जाऊन कीबोर्ड पालथा केला आणि तळहातानं थापटला. लाल तांदूळ खाली सांडले. शेठची आई तिथंच उभी होती, पूजा तिनंच केली होती.

"बाई, अक्षता टाकल्या का पोतं उपडं केलं?"

"देवाला काय मोजून टाकत्यात व्हय?" ती म्हणाली.

डबा चालू केला. टिट एकदाच झालं. मी कमरेवर हात ठेवले. एवढ्यात पडदा काळा झाला, पांढरी अक्षरं आली आणि खाली एक आकडा हळूहळू चढायला लागला. आम्ही येण्याआधी काटेवाल्यानं घाबरून खटाखट वीज बंद-चालू केली होती. असं धसमुसळेपणानं बंद केलं की डबा उठल्यावर आपली तबकडी तपासत बसतो. सगळी जुनी वजनं, पावत्या त्या तबकडीवर असतात. हे पान मला तोंडपाठ होतं. सुरुवातीलाच एखादं बटण दाबलं तर ते निघून जातं. मी आजवर त्याला कधी थारा दिलेला नाही. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना कोण थांबणार?

मी बटणाकडं हात नेला. अर्चनानं माझं मनगट धरलं. शेठ, त्यांची आई, काटेवाला, खिडकीतून वाकलेले ट्रॅक्टरवाले, सगळ्यांच्या देखत.

"आत्या, राहू द्या. तपासू द्या त्येला. लय येळा बंद केलंय, आत कायतरी मोडलं असंल."

मनगट मी सोडवून घेतलं. तोवर दाबायची वेळ निघून गेली होती. तिनं नेहमीसारखा पडदा फिरवला, खिडकीकडं केला. "हे बघा भाऊ, हा आकडा शंभर झाला की तुमचा काटा चालू."

आणि नवल म्हणजे ती माणसं शांत झाली. मघाशी जी शिव्या देत होती ती आकडा मोजायला लागली. कुणी तंबाखू मळली. कुणी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसलं. "किती झालं वहिनी?" "चाळीस." "माझ्या पोराला बी एवढे मार्क न्हाई पडले!" मला हे कधी जमलं नाही. मी घाई करू शकते. माणसाला थांबवणं मला येत नाही. तिला ते येतं, आणि ते कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

मग आकडा अडला. साठाच्या पुढं सरकेना.

"साठीला आल्यावर अडतंच बरं का," एकजण खिडकीतून म्हणाला. "मावशीला इचारा." सगळे हसले. मीही ऐकून घेतलं. पण आकडा हलेना तसं हसू संपलं. रांगेतून हॉर्न वाजायला लागले. शेठनं अर्चनाकडं बघितलं. ती पडद्यावरची अक्षरं परत परत वाचत होती. मग शेठ माझ्याकडं वळले.

"मावशी, तुमी सांगा. बंद करून परत चालू करायचं का?"

किती दिवसांनी कुणी मला आधी विचारलं होतं. मी 'करा' म्हटलं असतं आणि चालू होताना बटण दाबून ते पान घालवलं असतं की काम झालं असतं. तिनं रांग अडवून ठेवली आणि सासूनं सोडवली, असं गावभर झालं असतं. खुर्चीचा विषय मुलानं परत काढला नसता. तबकडीचं पुढं काय व्हायचं ते झालं असतं.

मी वाकले आणि डब्याला कान लावला. मरायला लागलेली तबकडी टक् करते, थांबते, परत टक् करते, भिंतीवरच्या पालीसारखी. जिवंत असली की खुरखुरते, कणगीत उंदीर फिरल्यासारखी. मला टक् ऐकायची होती, खरंच ऐकायची होती. पण आत खुरखुर चालली होती.

"चालू हाय त्याचं," मी म्हणाले. "जखमेची जागा आली असंल, म्हणून वेळ लागायलाय. थांबा."

ह्यात माझा चांगुलपणा काही नव्हता. मला पडद्यावरचं वाचता येत नाही. आवाज तेवढा येतो. तोच खोटा सांगितला तर माझ्याजवळ काय राहिलं?

थोड्या वेळानं आकडा हलला. मग भराभर चढला. कामाचं पान आलं, पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि पावती बाहेर आली. जुनी सगळी वजनं जागेवर होती. खिडकीतून आरडाओरडा झाला, "वहिनी! वहिनी!" शेठच्या आईनं आतून नारळ, तांदूळ आणि खण आणला आणि अर्चनाची ओटी भरली. विधवेची ओटी भरत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी माझा हात पदराकडं गेला होता, तो मागं घेतला. मला पेढा मिळाला.

निघताना शेठ म्हणाले, "पुढच्या टायमाला वहिनीलाच धाडा, मावशी. ह्या वयात तुमी कशाला दगदग करताव?"

मुलगा व्हॅनपाशी उभा राहून ऐकत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, ऐकलंस ना? उद्यापासून अर्चना बसंल खुर्चीत."  अर्चनाच्या मांडीवर ओटीचा नारळ होता. तो गाडीबरोबर हिंदकळत होता आणि मला वाटत होतं, खाली पडून फुटावा.

संध्याकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. अर्चना कणीक मळत होती. पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता आणि मोबाइलमधून आवाज येत होता. खुरखुर. थांबली, की टक्, टक्. मग टिट, मग लांब टिट. खुरखुर जिनिंगमधली होती, बाकीचे आमच्या दुकानातले वेगवेगळ्या दिवसांचे डबे होते.

"काय ऐकायलीस?"

तिनं दचकून पिठाच्याच हातानं मोबाइल बंद केला. "काय न्हाई."

"डब्यांचे आवाज हाईत ते."

तिनं कणकेचा गोळा परातीत आपटला. "व्हय, डब्यांचेच हाईत. लग्न झाल्यापासनं गोळा करायलेय आन रोज ऐकायलेय. मला समदे सारखेच वाजत्यात! आज तिथं आकडा अडला तवा मी बी घाबरले. मला वाटलं, मेलं ते. शेठनं मला इचारलं असतं तर मीच बंद करा म्हनले असते. आन तुमी नुसत्या वाकलाव, कान लावला, आन सांगून मोकळ्या. तवा मला काय वाटलं सांगू का?"

"सांग."

"राग येईल तुमाला."

"येऊ दे."

"वाटलं, ह्या बाईचे कान काढून घ्यावेत."

एवढं बोलून ती परत कणीक मळायला लागली. नको तितक्या जोरानं. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. रोज सकाळी वेणी घालताना आरशात बघत होते मी ते.

माझं कौतुक पुष्कळांनी केलं आहे. ते ऐकायचं आणि बाजूला ठेवायचं, त्याचा उपयोग नसतो. पण माझ्यावर कुणी जळेल असं माझ्याजवळ काही आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं. त्या दिवशी मी एक पोळी जास्त खाल्ली.

जेवताना मुलानं खुर्चीचं परत काढलं. अर्चनानंच त्याला गप्प केलं. "आत्या घरी बसल्या तर मी कुणाचं बघून शिकू? तुमचं?" तिनं हे माझ्यावरच्या मायेनं म्हटलं नव्हतं. तिला कान पाहिजे होते.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची तिला दिली. उदार झाले असं कुणी समजू नये. दाराकडं तोंड करून बसणाऱ्याला येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलावं लागतं, आणि बोलत असलं की ऐकू येत नाही. मी स्टूल ओढून डब्याला लागून बसले. तिथं बसायला मिळालं की मला बाकी काही नको.

आता गिऱ्हाईक येतं, "वहिनी हाईत का?" म्हणतं, तिच्यापुढं बसतं, हसतं, पाणी मागतं. मी जळते. ते काही गेलं नाही आणि जाणारही नाही. पण एखादा डबा असा येतो की पडद्यावर अक्षरच नसतं. वाचायला काही नसतं, फिरवून दाखवायला काही नसतं. तेव्हा अर्चना खुर्चीतून वळून स्टुलाकडं बघते. तेव्हाचा तिचा चेहरा बघायला मी रोज वेळेवर दुकान उघडते.

खुरखुर आणि टक् ह्यातला फरक मी तिला सांगितला आहे. जिनिंगमध्ये तिनं माझं मनगट धरून वजनं वाचवली होती, तेवढा हिशेब फिटला. बाकीचं अजून माझ्याजवळ आहे. परवा तिनं भाजी करताना विचारलं, "आत्या, डब्यातला पंखा एक गिरकी घेऊन थांबतो, त्या आवाजात तुमाला काय कळतं?"

"आधी फोडणी दे," मी म्हणाले.

तिनं फोडणी दिली. लक्ष माझ्याकडंच होतं. मोहरी करपली. मला वासावरनंच कळलं, आणि बरं वाटलं.